मेलेला उंदीर आणि डॉ. सिमाँ यांची कागदी पिशवी

शेळ्यांच्या गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यामागे मेलेला उंदीर दिसला की आपण काय करतो? वडगाव निंबाळकर असो, बारामती असो की इंदापूरकडचे एखादे गाव, उत्तर बहुधा सारखेच. शेपटीला धरायचे आणि उकिरड्यावर भिरकावून द्यायचे. फारच किळस आली तर फावड्यावर घ्यायचे. मग हात अंगावरच्या कपड्याला पुसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. त्यात एक समजूत पक्की असते. कुजलेला, वास सुटलेला उंदीर वाईट. आत्ताच मेलेला, अंगात अजून ऊब असलेला उंदीर त्यामानाने बरा.

ही समजूत उलटी आहे, असे एका फ्रेंच डॉक्टरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांचे नाव पॉल-लुई सिमाँ. प्लेगचा इतिहास वाचणाऱ्यांना ते ठाऊक असते. पण जनावरे सांभाळणाऱ्या, पिंजरे झाडणाऱ्या, दवाखान्यात कुत्री-मांजरे हाताळणाऱ्या माणसाला त्यांची ओळख असणे अधिक गरजेचे आहे. त्यांचा शोध शेवटी एकाच प्रश्नाभोवती फिरतो. मेलेल्या प्राण्याला हात कधी आणि कसा लावायचा?

सिमाँ यांचा जन्म 30 जुलै 1858 रोजी आग्नेय फ्रान्समधील द्रोम भागात, बोफोर नावाच्या लहानशा गावात झाला. वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच, 1882 मध्ये, ते दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत कामाला गेले आणि चार वर्षे तिथे राहिले. तिथेच त्यांना पीतज्वर झाला, पण त्यातून ते वाचले. परत आल्यावर 1887 मध्ये कुष्ठरोगावरच प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पुढे सरकारी नोकरीत काही वर्षे इंडोचायनात काढली. 1895 मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले आणि मेचनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म परजीवींच्या जीवनचक्रावर काम करू लागले. हा तपशील वरवर रुक्ष वाटेल. पण एक जीव दुसऱ्या जीवाच्या अंगावर किंवा पोटात कसा जगतो आणि तिथून बाहेर कसा पडतो, हे पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली. मुंबईत ती कामी आली.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वर्ष संपता संपता रोग पुण्यात पोचला. पुढचे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. 1897 चा साथरोग कायदा, घराघरांत शिरणारे सोजीर, रस्त्यावर फेकलेले सामान, रोग्यांची जबरदस्तीने रवानगी, रँड आणि चापेकर. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी झालेले निधनही याच साथीतले. या साऱ्या बंदोबस्तामागे एक गृहीत होते. रोग माणसात आहे, त्याच्या कपड्यांत आहे, घराच्या घाणीत आहे. म्हणून भिंतींना चुना, जमिनीवर कार्बोलिक आणि माणसांवर पहारा.

गावोगावच्या लोकांनी मात्र स्वतःचा एक नियम केला होता. उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि शेतात झोपडी घालून राहायचे. उंदीर आधी मरतात आणि माणसे मागून, हे त्यांनी पाहिले होते. मधला दुवा कोणता, हे ना लोकांना माहीत होते ना सरकारला.

प्लेगचा जीवाणू 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांद्र येर्सँ यांनी शोधला होता. त्यांनी तयार केलेली प्रतिविषाची लस घेऊन ते 1897 मध्ये मुंबईला आले, आणि ते परतल्यावर त्यांच्या जागी पाश्चर संस्थेने सिमाँ यांना पाठवले. लस रोग्यांना टोचायची आणि परिणाम नोंदवायचा, एवढेच त्यांचे काम. लसीचा गुण फारसा दिसेना. पण रोग्यांना बारकाईने तपासताना सिमाँ यांना काहींच्या अंगावर टाचणीच्या डोक्यापासून वाटाण्याएवढ्या आकाराचा एक फोड दिसू लागला. तो रोगाच्या अगदी सुरुवातीला येई, बहुधा पायावर किंवा जिथे कातडी पातळ असते तिथे. त्याच्या जवळच्याच जांघेत किंवा काखेत मग गाठ सुजे. फोडातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर प्लेगचे जीवाणू. म्हणजे जीवाणू अंगात शिरण्याची जागाच ती होती. श्वासातून किंवा अन्नातून शिरला असता तर पायावर फोड कशाला आला असता? कोणीतरी चावले होते.

दुसरी नोंद एका लोकरीच्या कारखान्यातली. सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा. वीस मजुरांना ते उचलून जागा साफ करायला सांगितले. तीन दिवसांत त्या विसापैकी दहा जणांना प्लेग झाला. त्याच कारखान्यातील ज्यांनी उंदरांना हात लावला नव्हता, त्यांच्यापैकी कोणालाही काही झाले नाही. आजच्या भाषेत ही कामाच्या ठिकाणची दुर्घटना. मजुरांना कोणी हातमोजे दिले नव्हते, पण द्यायला हवेत हे तरी तेव्हा कोणाला माहीत होते?

मात्र सगळेच मेलेले उंदीर असे घातक नव्हते. मरून बराच वेळ झालेले उंदीर हाताळणारी माणसे सहसा सुरक्षित राहत; नुकतेच मेलेले हाताळणारी आजारी पडत. जीवाणू तर दोन्हींत होते. मग फरक कशाचा? सिमाँ यांनी उंदीरच नीट पाहायला घेतले. निरोगी उंदीर स्वतःला सतत चाटून, खाजवून साफ ठेवतो, त्यामुळे त्याच्या अंगावर पिसवा थोड्या. आजारी उंदीर हे करू शकत नाही आणि त्याच्या अंगावर पिसवांची रास जमते. तो मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळपास जे गरम शरीर सापडेल त्यावर जातात. दुसरा उंदीर मिळाला तर दुसरा उंदीर, नाहीतर शेपटीला धरून त्याला उचलणारा माणूस. जुन्या मढ्यावर पिसवाच उरलेल्या नसतात, म्हणून ते त्यामानाने निरुपद्रवी.

आता प्लेगने मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा तपासायच्या तर त्या जिवंतपणी अंगावर येऊ न देता गोळा करायला हव्यात. सिमाँ यांची युक्ती अशी: ताजा मेलेला उंदीर कागदी पिशवीत घ्यायचा आणि साबणाच्या गरम पाण्याने पिसवा मारून टाकायच्या. मगच तो टेबलावर घ्यायचा. साध्या पाण्यात हे जमत नाही. पिसूच्या अंगावर मेणासारखा थर असतो, पाणी त्याला सहज भिजवत नाही आणि पिसू तरंगत राहते. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, अंग भिजते आणि ती बुडून मरते. मांजराच्या अंगावरून फणीने काढलेल्या पिसवा आजही पशुवैद्य साबणाच्या पाण्यात टाकायला सांगतात, त्याचे कारण हेच. ना महागडे यंत्र, ना परदेशी रसायन. सिमाँ त्या दिवसांत रोज प्लेगचे उंदीर चिरत होते आणि तरी जगले. त्यात नशिबाचा भाग असेलच, पण या पिशवीचाही असावा, असे मला वाटते.

अशा पिसवांच्या पोटात त्यांना प्लेगचे जीवाणू सापडले. पण सापडणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. त्यासाठीचा प्रयोग 1898 च्या जूनच्या सुरुवातीला कराचीत झाला, तोही रेनॉल्ड्स हॉटेलात, कारण प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा त्यांच्याकडे नव्हती. एक मोठी काचेची बरणी घेतली. तळाशी वाळू घातली, म्हणजे उंदराची लघवी आणि विष्ठा तिच्यात मुरेल. प्लेगच्या रोग्याच्या घरात सापडलेला आजारी उंदीर त्यात सोडला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. खात्रीसाठी एका मांजराच्या अंगावरच्या आणखी काही आणून टाकल्या. उंदीर मरणपंथाला लागल्यावर, बारीक तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा वाळूच्या वर थोड्या उंचीवर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. खालच्याची विष्ठा वरच्याच्या तोंडाला लागणेही शक्य नव्हते. जाळीतून जाऊ शकत होती ती फक्त उडी मारणारी पिसू.

खालचा उंदीर मेला. त्याचे मढे आणखी एक दिवस तसेच ठेवले, पिसवांना स्थलांतर करता यावे म्हणून. वरचा उंदीर चार दिवस ठणठणीत होता. पाचव्या दिवशी त्याला हालचाल जड जाऊ लागली, सहाव्या दिवशी संध्याकाळी तो मेला. चिरून पाहिला तर गाठी सुजलेल्या आणि रक्तात जीवाणू. मग सिमाँ यांनी हाच प्रयोग पिसवा नसलेल्या आजारी उंदरावर केला. त्याच्याजवळ ठेवलेल्या निरोगी उंदराला काहीही झाले नाही.

त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात हा शोध छापून आला आणि त्यावर जवळजवळ कोणी विश्वास ठेवला नाही. काहींना हा प्रयोग पुन्हा करून तसाच निकाल मिळेना. युरोपातल्या काहींचे म्हणणे की उंदराची पिसू माणसाला चावतच नाही; ते तिथल्या उंदरावर राहणाऱ्या वेगळ्या जातीच्या पिसवा तपासत होते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशननेही सिमाँ यांच्या मताला फारसे महत्त्व दिले नाही. परिणाम असा की चुना, कार्बोलिक आणि विलगीकरणाच्या छावण्या चालूच राहिल्या. मला या भागाचा राग येतो. एकट्या डॉक्टराने हॉटेलात, एका बरणीत केलेला प्रयोग आणि त्यासमोर मोठ्या हुद्द्याच्या लोकांची समिती. वजन कुठे पडले असेल, हे सांगायला नको. दरम्यान उंदीर उचलणारे हात उघडेच राहिले.

सिमाँ बरोबर होते हे पुढे सिद्ध झाले ते मुंबईतच, आणि त्यात पाळीव छोट्या प्राण्यांचा वाटा मोठा आहे. राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. ग्लेन लिस्टन हे डॉक्टर त्यावेळी मुंबईत प्लेगवर काम करत होते. त्यांनी यातून एक पद्धतच बनवली. प्लेग झालेल्या घरात गिनीपिग सोडायचा. मेलेल्या उंदरांना सोडून भुकेल्या फिरणाऱ्या पिसवा त्याच्या अंगावर चढतात. मग त्या मोजायच्या आणि तपासायच्या. बागेत गिनीपिग सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट उलटी वाचायला हवी. आजूबाजूला उंदीर मरत असतील तर पिंजऱ्यातला प्राणी आपोआप पिसवांचा सापळा बनतो, आणि त्याला रोज दाणा-पाणी देणारा माणूस त्या सापळ्याला रोज हात लावत असतो.

1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्या प्लेग संशोधन मंडळाने हे काम पद्धतशीर हाती घेतले. त्यांनी छोट्या खोल्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहिले, एकाच भांड्यात खाल्ले, आजारी आईला तिची पिल्ले प्यायली, तरी रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. पिंजरा जमिनीला टेकलेला किंवा दोनेक इंच वर असेल तर आतल्या प्राण्याला प्लेग होई. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला वाचे, कारण पिसूची उभी उडी चार इंचांच्या आसपासच असते. ज्या पिंजऱ्यांना पिसू जाणार नाही अशी बारीक जाळी होती, त्यांतले प्राणीही वाचले. पुढे 1914 मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकॉट आणि मार्टिन यांनी शेवटचा धागा जोडला. पिसूच्या पोटाच्या तोंडाशी जीवाणूंचा बोळा बसतो, रक्त खाली उतरत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी जीवाणूंसह रक्त जखमेत ओकते.

हे सगळे आज कशाला? प्लेग आता वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो आणि आपल्या भागात गोठ्यात मेलेला उंदीर बहुतेक वेळा औषध घातल्यामुळे मेलेला असतो. खरे आहे. पण झिंक फॉस्फाइडने मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलणेही शहाणपणाचे नाही. तो उकिरड्यावर टाकला तर कुत्र्या-मांजरांच्या पोटात जातो, घुबडांच्याही. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि उसाच्या ओल्या सरीत किंवा शेळ्यांच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या भेगाळलेल्या पायांना त्याचा धोका अधिक. शिवाय प्लेग कायमचा गेला असेही नाही. सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराच्या आत, 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास वाढला, उंदीर पडले आणि मग गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण दिसू लागले. त्याच वर्षी सुरतेत काय घबराट झाली, ते अनेकांना आठवत असेल.

म्हणून मेलेला उंदीर, ससा, कोंबडी काहीही उचलायचे असेल तर आधी त्यावर साबणाचे किंवा जंतुनाशकाचे पाणी भरपूर ओता आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग चिमटा, किंवा हातमोजा आणि त्यावर उलटी घातलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीतच गाठ मारा आणि कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरा. नंतर हात आणि मनगटाच्या वरपर्यंतचा भाग साबणाने धुवा. खुराड्यातला भुसा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाक-तोंड झाका. सशांचे, कोंबड्यांचे पिंजरे जमिनीपासून दोनेक फूट वर ठेवले तर पिसूचाही उपद्रव कमी आणि उंदरांचाही. आणि औषध न घालता एकाच ठिकाणी बरेच उंदीर मेलेले दिसले तर ते गुपचूप न पुरता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. तिथे आधी पिसवा मारायची फवारणी करतात, उंदीर मारायचे मागून बघतात. क्रम महत्त्वाचा आहे. उंदीर आधी मारले तर बेघर झालेल्या पिसवा घरात येतात. दवाखान्यात किंवा पाळणाघरात कामाला ठेवलेल्या पोराला हे सगळे सांगायची आणि हातमोजे द्यायची जबाबदारी मालकाची, एवढे मात्र सांगून ठेवतो. वीस मजुरांना उंदीर उचलायला लावणारा कोणीतरी मुकादम होताच की.

सिमाँ कराचीहून पुढे गेले ते सायगावला, तिथल्या पाश्चर संस्थेचे प्रमुख म्हणून. 1901 पासून काही वर्षे ते ब्राझीलमध्ये पीतज्वरावर काम करणाऱ्या फ्रेंच पथकात होते. तरुणपणी गयानात झालेला पीतज्वर तिथे उपयोगी पडला असणार. एकदा झालेला तो सहसा पुन्हा होत नाही. तिथला गुन्हेगार डास होता, आणि त्यावर काम करायला उंदरावरच्या पिसवा मोजलेल्या माणसाइतका योग्य कोण? त्यानंतर मार्टिनिक बेट, मग कॉन्स्टँटिनोपलची जीवाणूशास्त्र संस्था, मग पहिल्या महायुद्धाच्या काळात पुन्हा इंडोचायना. या काळात हळूहळू जगाने त्यांचे म्हणणे मान्य केले. पण प्लेगच्या इतिहासात जीवाणूला येर्सँ यांचे नाव मिळाले, लसीला हाफकिन यांचे, आणि सिमाँ यांचे नाव बरीच वर्षे तळटीपेत राहिले.

निवृत्तीनंतर ते फ्रान्समध्ये वालांस गावी राहिले. इंडोचायनात असताना त्यांना ऑर्किडची गोडी लागली होती आणि वनस्पतींचा छंद म्हातारपणीही सोबत राहिला. 3 मार्च 1947 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते 88 वर्षांचे होते. तोवर पिसवा मारायला डीडीटी आले होते आणि प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिनही वापरात येऊ लागले होते.